दोरीवरच्या नऊ चादरी

संपादकांचा फोन आला आणि ते म्हणाले, "नोकरीतले अनुभव लिहा. तुमच्या सोयीने, हवं तसं लिहा." तेव्हाच मला शंका आली. हवं तसं लिहा म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी ठरावीकच हवं असतं. खोदून विचारल्यावर कळलं, की त्यांना सिंगापूरची शिस्त, स्वच्छता, बागा असं काहीसं हवं होतं. मी म्हटलं, "नोकरी सिंगापूरमध्ये होती हे खरं, पण काम अमेरिकेतलं होतं. आणि ते लोकांवर संशय घेण्याचं होतं." मग ते म्हणाले, "दिवाळीत चालेल ना पण?" चालेल की नाही ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

अमेरिकेत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. तरी तिथल्या एका थंड, तळ्याकाठच्या शहरात कोणाच्या परसात पोहण्याचा तलाव आहे, कोणी गॅरेजवर गुपचूप खोली चढवली आहे, कोणाच्या छपराला ठिगळ आहे, हे मला सात वर्षं पाठ होतं. दोन हजार दहानंतरची ही गोष्ट. शहराचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही.

काम आधी समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अमेरिकेत शहराचा गाडा बराचसा घरपट्टीवर चालतो. आपल्याकडे घरपट्टी म्हटलं की नळ आणि गटार एवढंच डोळ्यांपुढे येतं. तिथे आगीचा बंब, रस्त्यावरचं बर्फ काढणं, वाचनालय आणि, मला सगळ्यांत नवल वाटलं ते म्हणजे, शाळासुद्धा मोठ्या प्रमाणात त्याच पैशावर चालतात. घराची किंमत जास्त तर पट्टी जास्त. मागे लाकडी ओटा बांधला, मजला चढवला, तलाव खणला, की पट्टी वाढली. साहजिकच लोक आपण होऊन सांगायला जात नाहीत. पूर्वी पालिकेचे निरीक्षक दारोदार फिरायचे. मग शहराला पैसे कमी पडले, निरीक्षक कमी केले आणि त्यांच्या जागी विमान आलं. वर्षातून दोनदा, झाडांवर पानं नसताना, एक छोटं विमान शहरावरून फिरून सरळ आणि तिरके फोटो काढायचं. ते फोटो सिंगापूरच्या हार्बरफ्रंट भागातल्या आमच्या ऑफिसात यायचे. स्क्रीनच्या डावीकडे घराचा जुना नकाशा, उजवीकडे नवा फोटो. जुळलं तर हिरवी खूण, जुळलं नाही तर लाल आणि काहीतरी खटकलं तर पिवळी. पिवळी म्हणजे संशय. आमच्या दिवसभराच्या खुणा करून झाल्या की तिकडे सकाळ व्हायची आणि तिथल्या लोकांना नोटिसा निघायच्या.

माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. नवरा मिलिंद जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी त्याच्या मागोमाग डिपेंडंट पासवर आले. त्या पासवर आलेल्या बायकांना नोकरी करायची तर सरकारचं वेगळं परवानगीपत्र लागायचं. ते कंपनीने काढून दिलं, म्हणजे ते कंपनीच्या हातात. ऑफिसात माझ्या वरची बाई जॉयस, सिंगापूरची चिनी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, बोलायला तिखट. ऑफिसच्या खिडकीतून इंडोनेशियातल्या बाटम बेटाला जाणाऱ्या फेरीबोटी दिसायच्या. मी फार तर जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे बघायची, एरवी माझे डोळे लोकांच्या परसात.

पहिल्या आठवड्यात मी अकरा तलाव शोधून काढले. गोल, निळे, सुबक. जॉयसने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ते तलाव नव्हते, मुलांनी उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिन होत्या. "तलावाला सावली आत पडते, ह्याला खाली पडते. सावली बघ, लाह!" असं तिने, वाक्याला तो सिंगापुरी 'लाह' जोडत, शिकवलं. वरून माणूससुद्धा दिसत नाही, त्याची सावली दिसते. त्यानंतर मी सावल्या बघायला शिकले आणि मला कोणी फसवू शकलं नाही. एका गृहस्थांनी परसात निळी ताडपत्री पसरून तिच्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की इथे तलाव नाही. विमान येतं हे त्यांना ठाऊक असणार. इतकं सांगायची गरज का पडली, असं म्हणून मी पिवळी खूण केली. पुढच्या फोटोत ताडपत्री नव्हती आणि उडी मारायची फळी स्वच्छ दिसत होती.

मिलिंद मला विचारायचा, "तू चोर पकडतेस की चुगल्या करतेस?" मी म्हणायची, ज्याने तलाव लपवला त्याच्या वाटची पट्टी शेजारचा भरतो, आणि कमी पडलं तर शाळेतला एखादा मास्तर घरी बसतो. हे खरंच होतं, अजूनही मला ते खरं वाटतं. पण खरं सांगायचं तर मला पकडण्यात मजा येत होती.

ही मजा मला वडिलांकडून आली. अण्णांना जाऊन आता काही वर्षं झाली. आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेत ते घरपट्टीचे निरीक्षक होते. कोणी भाडेकरू ठेवलाय का, हे त्या काळी घरमालक कधीच कबूल करत नसत. आतल्या खोलीत राहणारा तो भाचा असायचा, नाहीतर गावाकडचा पाहुणा. अण्णा वाद घालत नसत. ते दारात उभे राहून पाणी मागायचे आणि पाणी येईपर्यंत मागच्या दोरीवरचे कपडे मोजायचे. घरात नवरा, बायको आणि एक मूल, आणि दोरीवर चार सदरे, तीन मापांचे. झालं. मला सायकलवर पुढे बसवून कधी कधी न्यायचे. परत येताना विचारायचे, "किती?" मी आकडा सांगायची. ते डाव्या हाताची बोटं उघडून बरोबर आकडा दाखवायचे, कारण उजवा हात हँडलवर असायचा. "चपलांवर जाऊ नकोस," ते म्हणायचे, "चपला पाहुण्यांच्याही असतात. दोरी बघायची. धुतलेलं कोणी लपवत नाही."

सिंगापूरला आल्यावर हा गुण आणखीच फोफावला. सेम्बावांगला आम्ही सरकारी ब्लॉकमध्ये भाड्याने राहत होतो. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांबू बाहेर काढून त्यांवर कपडे वाळत घालतात. समोरच्या ब्लॉकमध्ये कुठल्या मजल्यावर नवा माणूस राहायला आला हे मला त्याच्या शेजाऱ्यांआधी कळायचं. आमची घरमालकीण बाईही काही कमी नव्हती. माझी नणंद सहकुटुंब आठवडाभर राहायला आली, तर या बाई दोनदा सहज म्हणून डोकावून गेल्या आणि दोन्ही वेळा दाराबाहेरचे बूट मोजताना मी त्यांना पाहिलं. मला राग यायला हवा होता. मला वाटलं, चपला मोजतायत, कच्च्या आहेत.

नोकरीच्या चौथ्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी दोन आठवडे जाऊन आले. ते दवाखान्यातून घरी आले, व्यायाम शिकवायला माणूस येऊ लागला, कामाला बाई मिळाली आणि मी परत फिरले. आमच्या मुलीची, ईराची, शाळा होती, माझं परवानगीपत्र होतं. मी एकुलती एक. त्यानंतर दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. आमचे साडेदहा, त्यांचे आठ. अण्णा खुर्चीत बसलेले, केस विंचरलेले, सदरा इस्त्रीचा, मागे गच्चीचं उघडं दार. मी विचारायची, "कसे आहेत?" आई म्हणायची, "छान आहेत. भिंतीला धरून चालतात घरातल्या घरात." एकदा ती कुरकुरली होती, "आत पंख्याखाली बसा म्हटलं तर ऐकत नाहीत. तुझा फोन यायचा झाला की दाराशीच खुर्ची हवी. डोळ्यांवर ऊन आलं तरी चालतं." मी म्हटलं, बसू दे गं, त्यांना मोकळं वाटत असेल.

असंच एक वर्ष गेलं आणि माझ्या स्क्रीनवर डोरोथीबाईंचं घर आलं. हे त्यांचं खरं नाव नव्हे, मी इथे बदललं आहे.

एकमजली घर, पांढरं, जुनं. नकाशा फोटोशी तंतोतंत जुळत होता. हिरवी खूण करून मी पुढे जाणार तेवढ्यात घराची एक नोंद वाचली: मालकीण वृद्ध, स्वतः राहते, म्हणून सवलत. त्या शहराचा नियम असा, की म्हातारी माणसं स्वतःच्या घरात राहत असतील तर त्यांना पट्टी जवळजवळ निम्मी. पण घरातली एक खोली जरी भाड्याने दिली तर सवलत बंद. आणि परसात, दोन खांबांमध्ये बांधलेल्या दोऱ्यांवर, पांढऱ्या चादरी वाळत होत्या. मी मोजल्या. नऊ.

एक म्हातारी आणि नऊ चादरी. मी त्याच्या आधीच्या फेरीचा फोटो उघडला. आठ. त्याच्याही आधीचा. पुन्हा नऊ. आम्हाला शिकवलं होतं, की अमेरिकेत कपडे यंत्रात वाळवतात, दोऱ्या शोधत बसू नका. त्यामुळे ऑफिसात दुसऱ्या कोणी ते पाहिलंच नसतं. मी पिवळी खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं, की या घरात अनेक माणसं राहत असावीत, बहुधा खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, धुतलेल्या चादरी पाहाव्यात.

जॉयस माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "वा," ती म्हणाली, "युअर आय सो शार्प, लाह." तिने तो फोटो अमेरिकेतल्या साहेबांना पाठवला. त्यांनाही तो इतका आवडला की नव्या लोकांच्या प्रशिक्षणात तो लावला गेला. त्या रविवारी मी अण्णांना सांगितलं, "अण्णा, तुमची दोरी अमेरिकेत चालली! एका बाईचे भाडेकरू पकडले मी. नऊ चादरी!" अण्णा अर्ध्या चेहऱ्याने हसले. मग घशातून काहीतरी आवाज काढत डाव्या हाताने मागे दाखवायला लागले. आई म्हणाली, "दार लावू का? ऊन लागतंय का?" त्यांनी हात खाली टाकला. मी म्हटलं, दमले असतील, ठेवते आता.

डोरोथीबाईंची सवलत काढल्याची नोटीस गेली. तीस दिवसांत अपील करता येतं. बरेच लोक करत नाहीत आणि ते न करणं हाच आम्ही कबुलीजबाब समजत असू. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांचं पत्र आलं. एकाने खूण केली असेल तर अपील दुसऱ्याने तपासायचं असा नियम, पण चादरींची जाणकार मी, म्हणून जॉयसने ते माझ्याकडेच दिलं.

निळ्या शाईतलं, थरथरत्या अक्षरातलं पत्र होतं. मला ते जवळजवळ पाठ झालं, म्हणून मराठीत सांगते. त्यांनी लिहिलं होतं:

"माझ्याकडे एक भाडेकरू आहे हे मी मान्य करते. तो माझा भाऊ वॉल्टर. त्याने आजवर एक पैसा भाडं दिलेलं नाही. तो पुढच्या खोलीत पलंगावर असतो आणि तीन वर्षांत उठलेला नाही. चादरी त्याच्या आहेत. बऱ्या दिवशी चार लागतात, वाईट दिवशी नऊ. तुमचं विमान आलं ते वाईट दिवस असावेत. कपडे वाळवायचं यंत्र बिघडलं आहे आणि ऊन फुकट मिळतं. सवलत गेली तर मला हे घर ठेवता येणार नाही. मी कुठेही राहीन, पण वॉल्टरला घेऊन मला कोण घरात घेईल?"

वाचून मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, भाऊ म्हणे! अपिलात सगळ्यांचेच भाडेकरू भाऊ होतात. अण्णांचे घरमालकही आतल्या भाडेकरूला भाचाच म्हणायचे. मी ते तिन्ही फोटो पुन्हा उघडले, तेही तिला खोटं पाडायला. तिरके फोटो मोठे केले. गाडी एकच, तीही पत्र्याखाली. कचऱ्याचा डबा एकच. पुढच्या दारापाशी पायवाट जेमतेम. नऊ माणसांची तर सोडाच, दोन माणसांचीही वर्दळ दिसेना. आणि मग चादरींच्या मध्ये एक तुकडा दिसला. लहान, चौकोनी, गडद लालसर. आधी मी तो टॉवेल समजले होते. तो टॉवेलसारखा लोंबत नव्हता, ताठ होता, आणि त्याच्यावर उजेड चमकत होता. तिन्ही फोटोंत तो होता.

मी जॉयसला बोलावलं. ती वाकली, बघितलं आणि तिचा आवाज एकदम उतरला. "अय्यो. दॅट वन रबर शीट, लाह. चादरीच्या खाली घालतात, गादी भिजू नये म्हणून. माझी आजी चार वर्षं पलंगावर होती. मी शाळेतून आले की रोज तेच धुवायची." मग तिनेच विचारलं, "भाडेकरूला कोण घालतं हे?"

मेणकापड. आपल्याकडे प्रत्येक घरात कधी ना कधी आलेलं असतं, तान्ह्या बाळाखाली, नाहीतर पलंगाला खिळलेल्या माणसाखाली. ईराच्या वेळी माझ्याकडे दोन होती. मी नऊ हजार मैलांवरून नऊ चादरी मोजल्या आणि त्यांच्यामधलं मेणकापड मला ओळखता आलं नाही, कारण मला भाडेकरू हवा होता.

आता दोन वाटा होत्या. पुरावा अपुरा असा शेरा मारून फाइल शहराकडे पाठवायची, ही सोपी वाट. मग ती उरलेल्या चार निरीक्षकांच्या रांगेत पडणार, कोणीतरी महिन्यांनी जाऊन पाहणार आणि तोवर डोरोथीबाई पूर्ण पट्टी भरणार किंवा घर विकणार. दुसरी वाट म्हणजे तपासनिसाची चूक असा अर्ज भरायचा. त्यावर माझी सही लागणार. कंपनीत वर्षाला असे दोन अर्ज झाले की करार पुढे चालू राहत नाही, आणि करार गेला की माझं परवानगीपत्र गेलं. त्या वर्षी एक चूक माझ्या नावावर आधीच होती. एका पाद्रीबाबाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला मी पाहुण्यांची खोली म्हटलं होतं.

मी जेवायला खाली गेले. भात चिवडत बसले. मला त्या बाईची दया आली असं म्हणणं खोटं होईल. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी समोरच्याचीच चूक शोधते. यंत्र दुरुस्त का नाही केलं तिने? भावाची नोंद का नाही करून ठेवली? अर्धा तास मी तिच्यावर खटला चालवला आणि वर जाऊन सही केली. जॉयसने अर्ज हातात घेऊन विचारलं, "शुअर आ? साइन ऑलरेडी, कॅनॉट टेक बॅक." मी म्हटलं, शुअर. तिने स्वतःचीही सही खाली ठोकली, जिची काही गरज नव्हती. प्रशिक्षणातला तो फोटो मात्र तिने काढून टाकला नाही. त्याच्याखालची ओळ बदलली. आधी तिथे लिहिलं होतं, चादरी मोजा. आता ती ओळ होती, चादरींच्या मध्ये काय आहे ते बघा.

माझी नोकरी राहिली, कशी ते मला अजून कळलेलं नाही. जॉयसने काहीतरी केलं असावं असा मला संशय आहे, पण तिने कधी कबूल केलं नाही. डोरोथीबाईंची सवलत परत लागू व्हायला पाच महिने लागले. तोवर एक पूर्ण रकमेचं बिल त्यांना गेलं होतं, ते त्यांनी कसं भरलं देव जाणे. त्यातले तीन महिने मी भारतात होते. परत आले आणि वसंतातले नवे फोटो आले, तेव्हा मी सगळ्यांत आधी त्यांचं घर उघडलं. घर तिथेच होतं. दोरीवर एकच चादर होती. मेणकापड नव्हतं. खांबापाशी एक सावली उभी होती, बारीक, जरा वाकलेली. मी हिरवी खूण केली आणि बराच वेळ पुढची फाइल उघडली नाही.

मधले तीन महिने मी भारतात का होते, ते सांगायचं राहिलं.

सही केली तो शुक्रवार होता. रविवारी मिलिंद ईराला घेऊन पोहायला गेला होता आणि मी नेहमीप्रमाणे साडेदहाला कॉल लावला. अण्णा खुर्चीत, केस विंचरलेले, सदरा इस्त्रीचा. आई शेजारी उभी. मी चहाचा कप हातात घेऊन म्हटलं, "कसे आहेत अण्णा?"

"छान आहेत," आई म्हणाली. "काल फाटकापर्यंत जाऊन आले."

आणि अण्णांच्या खांद्यावरून, गच्चीच्या उघड्या दारातून, मला दोरी दिसली. दोरी तिथे वर्षभर होती. चादरी वर्षभर होत्या. दर रविवारी माझ्या डोळ्यांसमोर वाळत होत्या. ज्या बाईने सगळ्या जगावर संशय घेतला, तिने एवढ्या एकाच वाक्यावर दर रविवारी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं माझ्या सोयीचं होतं.

"आई, मागे काय वाळतंय?"

"कुठे? काही नाही गं. चादरी धुतल्यात. बाई आली होती आज."

"बाई रविवारी येते?"

आईने अण्णांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"आई, चादरींच्या मध्ये ते लाल काय आहे?"

तिने पदर तोंडाला लावला. मी चहाचा कप खाली ठेवला, तो कशावर ठेवला ते आठवत नाही. मला रडू फुटलं आणि रडत रडतच, अण्णांनी सायकलवर विचारावं तसं, मी विचारलं, "किती आहेत आई? किती?"

आई तोंड फिरवून उभी राहिली होती. उत्तर अण्णांनी दिलं. त्यांनी डावा हात वर केला, कॅमेऱ्यासमोर नीट धरला आणि बोटं उघडली. पाच. मग मिटून पुन्हा उघडली. दोन. आणि मान मागे वळवून, मला दिसावी म्हणून, खांदा जरा बाजूला केला.

मी मोजल्या. बरोबर सात होत्या.